नववा नारळ

बोरभाटच्या सातेरीच्या जत्रेत मानाचे नारळ नऊ. पहिले चार चार मानकऱ्यांच्या घरांचे, पाचवा गुरवाचा, सहावा ढोलवाल्यांचा. सातवा आणि आठवा कोणाचा यावर गावात तीन पिढ्या एकमत नाही, त्यामुळे ते दरवर्षी रीतसर भांडण झाल्यावरच दिले जातात. नवव्याबद्दल मात्र आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही. तो राऊळांचा.

राऊळांचं घराणं निरोपाचं. बोरभाटची जत्रा पंचांगात सापडत नाही. देवीला कौल लावून तारीख विचारायची आणि ती मुंबईत पांगलेल्या तीनशे बारा घरांपर्यंत पोचवायची, हा राऊळांचा मान. सत्यवान राऊळांचे आजोबा गलबताच्या तांडेलाजवळ चिठ्ठ्या देत, वडील एसटीच्या ड्रायव्हरजवळ. सत्यवानराव स्वतःच टपालखात्यात चिकटले, एकतीस वर्षांनी सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांनी तीनशे बारा कार्डं आपल्या हाताने लिहिली. गाव त्यांना मास्तर म्हणत असे आणि ते ऐकायला त्यांना आवडत असे.

या कामातली खरी अडचण अक्षराची नव्हे, क्रमाची होती. परब, गावडे, सावंत आणि घाडी ही चार मानकऱ्यांची घरं. यांतल्या कोणालाही दुसऱ्याच्या मागून निरोप गेलेला खपत नसे. परबांचं कार्ड गावड्यांच्या आधी पडलं म्हणून वडिलांच्या काळात एक वर्ष पालखी जागची हलली नव्हती. सत्यवानरावांनी त्यावर तोडगा काढला होता. मानकऱ्यांच्या मुंबईतल्या घरांची चार कार्डं एका मुठीत धरायची आणि चारही एकदम पेटीत सोडायची. हे ते चार साक्षीदारांसमोर करत. अशा रीतीने गावात शांतता नांदत होती.

मग मोतीबिंदू आला. २००८च्या जत्रेआधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी बांधून कार्डं लिहायला महिना लागला, आणि बरीचशी मुंबईला पोचली तेव्हा जत्रा होऊन गेली होती. त्या वर्षी दशावताराला पडद्याआड सोळा माणसं आणि पुढ्यात चौदा. त्या चौदांत कट्ट्याचा भाई होता. भाई मूळचा बोरभाटचाच, पण शेजारच्या कट्टा गावच्या बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान, त्यामुळे जगाचं कुठे चुकतं ते त्याला बसल्या जागी कळे. कार्डाचा जमाना गेला, निरोपाचं काम मला द्या, एका दुपारीत आटपतो, असं त्याने देवस्थान कमिटीला सांगून टाकलं. कमिटीचे अध्यक्ष गुरुदास परब, म्हणजे पहिल्या नारळाचे धनी. ते दिवाळीनंतर मास्तरांच्या ओटीवर आले, चहा प्याले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, ह्या वर्साक निरोप येळार पोचलो नाय, तर नववो नारळ भाईक."

सत्यवानरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. निवृत्तीनंतर माणसाचं शिक्के, कुलपं, खुर्ची सगळं जातं. त्यांच्याजवळ एक नारळ उरला होता आणि तो जावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

त्यांची भाची जान्हवी पुण्याला संगणकाच्या कंपनीत होती. तिने आपल्या ऑफिसातला मोडीत काढलेला कॉम्प्युटर पार्सलने पाठवला, सोबत स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची सीडी आणि एक कागद. प्रोग्रामचं नाव तिने ठेवलं होतं निरोप्या. मोबाइल वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा, एका कप्प्यात निरोप आणि नंबरांची यादी टाकायची, की निरोप्या एकेक निरोप उचलून मोबाइलवरून पाठवत राहणार. पण निरोप्याला खिडकी नाही, बटण नाही, चित्र नाही. तो पडद्यामागे काम करतो. त्याच्याशी बोलायचं ते काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं टंकून. कागदावर पाच हुकूम होते: इन्स्टॉल म्हणजे नेमणूक, स्टार्ट म्हणजे कामाला लाग, स्टॉप म्हणजे थांब, स्टेटस म्हणजे आहेस का, आणि अनइन्स्टॉल म्हणजे चालता हो. ही भाषांतरं सत्यवानरावांनी शेजारी लाल शाईने केली होती. या अशा कामगाराला सर्व्हिस म्हणतात असं जान्हवीने सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. सर्व्हिस म्हटली की ती कशी चालवायची हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

आधी मोबाइलसाठी सिमकार्ड हवं. काम देवस्थानाचं, तेव्हा कार्डही देवस्थानाच्या नावावर हवं, हे तत्त्व घेऊन ते कुडाळला एका मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी देवस्थानाचा सातबारा मागितला. त्यावर मालक म्हणून श्री देवी सातेरी असं नाव होतं. बाईंनी शुद्ध मराठीत सांगितलं की मग फॉर्मवर मालकांची सही लागेल आणि दोन फोटो. देवी सही करत नाही हे सत्यवानरावांनी समजावून पाहिलं. मग अंगठा चालेल, पण फोटो समोरून आणि दोन्ही कान दिसतील असा हवा, असं बाई म्हणाल्या. एकतीस वर्षं सरकारी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरची बाजू त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. चौथ्या फेरीत त्यांनी कार्ड स्वतःच्या नावावर घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी शंभर पानी वहीवर निरोप्याचं सेवापुस्तक उघडलं. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख. जन्मतारखेच्या रकान्यात सीडीवरची तारीख घातली. मग चष्मा पुसून काळ्या पडद्यावर एका बोटाने इन्स्टॉल टंकलं. पडद्यावर एक ओळ उमटली, खाली पांढरी रेघ लुकलुकत राहिली. स्टार्ट टंकलं. आणखी एक ओळ. मग काहीच नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहिलं, आणि ह्येका जेवूक घालूचा लागता काय, एवढं विचारून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाव पाहायला येऊ लागलं, आणि पाहण्यासारखं काही नसल्यामुळे प्रत्येकाने सल्ला दिला. यंत्र पूर्वेला तोंड करून ठेवा. वायर लांब आहे, निरोपाला वेळ लागेल. शेजारच्या मथुराकाकींनी मिठाने दृष्ट काढली. त्यांचा मुलगा बाळा डोंबिवलीला, तो पाच वर्षांत घरी राहिलेला नव्हता. येई तो एका दिवसापुरता, रात्रीच्या गाडीने परत. पडद्यामागच्या या माणसाला माझ्या बाळाचा नंबर नीट सांगा, एवढंच त्या म्हणाल्या. भाईने येऊन काहीच सल्ला दिला नाही. तो नुसता हसून गेला. सत्यवानरावांना ते सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी गुरुदास परब आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहत राहिले.

"दिसणा नाय, आवाज नाय," ते म्हणाले, "मगे तो आसा ह्यां कशावरून?"

"देवी तरी खंय दिसता?" सत्यवानराव म्हणाले.

"देवी कौल देता."

सत्यवानरावांनी स्टेटस टंकलं. पडद्यावर रनिंग असं उमटलं. "ह्यो ह्याचो कौल," ते म्हणाले. गुरुदासांनी नकळत हात जोडले आणि मग जोडलेल्या हातांनी चष्मा सारखा केला.

आता प्रत्यक्ष चाचणी. जान्हवीने फोनवर सांगितलं, काहीही लिहा मामा, अबक लिहा. पण टपालखात्यातल्या माणसाच्या हातून अबक जात नाही. सत्यवानरावांनी पूर्ण निरोप लिहिला: सातेरीच्या कृपेने जत्रा शनिवार दिनांक २४ जानेवारी रोजी ठरली आहे, सहकुटुंब यावे. तारीख समोरच्या कॅलेंडरावरून घेतली. शनिवार, चाकरमान्यांना बरा. घरोघर विचारून केलेली तीनशे बारा नंबरांची यादीही पूर्ण जोडली, कारण अर्धवट यादी जोडणं हा गैरकारभार. अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्या मनात आलं की हे खरंच गेलं तर? आणि त्यांनी घाईघाईने स्टॉप टंकलं. तेवढ्यात लोडशेडिंगमुळे वीज गेली. त्यांना वाटलं, विषय संपला.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. पोस्टमन रजेवर गेला म्हणून थैलीतली पत्रं नाहीशी होत नाहीत. जान्हवीच्या कागदावर हे स्पष्ट लिहिलं होतं: स्टॉपने कामगार थांबतो, काम कप्प्यात तसंच राहतं. एकतीस वर्षं थैल्या मोजलेल्या माणसाला हे कागदावर वाचायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी ते वाचलं नाही.

वीज आली तरी निरोप्या आपण होऊन उठत नव्हता, हेही लवकरच कळलं. त्याला पुन्हा स्टार्टचा हुकूम द्यावा लागे, आणि तो कौल जवळ येईपर्यंत द्यायचा नाही असं ठरलं. सत्यवानराव दिवसातून आठ वेळा नुसतं स्टेटस विचारून हजेरी घेत आणि सेवापुस्तकात गैरहजर असं नोंदवत. वीज आल्यावर आपोआप रुजू होण्याची सोय आहे, ऑटोमॅटिक म्हणतात, असं जान्हवीने सांगितलं. पण वरिष्ठांच्या आदेशाशिवाय कर्मचाऱ्याने रुजू होणं त्यांना पटेना. म्हणून तो आठवडाभर हुकमावाचून स्वस्थ पडून राहिला, आणि कप्प्यातला चाचणीचा निरोपही.

कौल रविवारी ठरला होता. शुक्रवारी संध्याकाळी गुरुदासांनी सहज विचारलं की निरोप कुठल्या क्रमाने जाणार. सत्यवानराव गोंधळले. निरोप्या यादी वरून खाली घेतो. एका निरोपाला सहा सेकंद. म्हणजे परबांना निरोप गेल्यावर सहा सेकंदांनी गावडे, बारा सेकंदांनी सावंत आणि अठरा सेकंदांनी घाडी. घाड्यांच्या कानावर ही अठरा सेकंदं गेली तर पालखीचं काय होईल हे त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागलं. कॉम्प्युटरला मूठ नसते. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या पुण्याला फोन लावला. जान्हवी मीटिंगमध्ये होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, मग चार वर्कर ठेवा. प्रत्येक मानकऱ्याला एकेक. फक्त नावं वेगळी द्या, आणि..." पुढे रेंज गेली. पुढे ती असं म्हणाली होती की प्रत्येकाला कप्पाही वेगळा द्या.

कॉम्प्युटर एक होता, मोबाइल एक होता, पण न्याय चौघांना समान मिळाला पाहिजे. सत्यवानरावांनी गावाची भीड कशी राखली, बघा. मूळ निरोप्याच्या जागी निरोप्या-परब, निरोप्या-गावडे, निरोप्या-सावंत, निरोप्या-घाडी अशा चार नेमणुका झाल्या. चार सेवापुस्तकं उघडली. चौघांचा कप्पा मात्र एकच राहिला. कौलाच्या दिवशी कामाला हजर असावेत म्हणून शनिवारी सकाळी सातच्या मुहूर्तावर त्यांनी चौघांना एकापाठोपाठ एक स्टार्ट दिलं, चार वेळा स्टेटस विचारलं, चार वेळा रनिंग आलं. ते समाधानाने आंघोळीला गेले.

चौघे अतिशय कामसू निघाले. कप्प्यात आठवडाभर पडलेला निरोप प्रत्येकाने पाहिला आणि प्रत्येकाने तीनशे बारा घरांना पाठवला. डोक्यावर तांब्या ओतत असताना सत्यवानरावांना मोबाइलची टिकटिक ऐकू येत होती, पण ती त्यांना पाल वाटली. दुपारपर्यंत मुंबईतल्या प्रत्येक बोरभाटकराला जत्रेची तारीख चार वेळा कळली होती. एकदा आली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. चार वेळा आली म्हणजे या वर्षी देवीचं काहीतरी विशेष आहे असं वाटून माणसं धावत तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. कोकण रेल्वेची शुक्रवार २३ची तिकिटं मिळाली, तीही नक्की झालेली. संध्याकाळी गुरुदासांच्या मुलाचा फोन आला, बाबा, तिकीट काढलं.

"खंयच्या तारखेचा?" गुरुदासांनी विचारलं, कारण देवीला अजून कोणी विचारलंच नव्हतं.

रविवारी देवळात सगळं गाव जमलं. गाऱ्हाणं घालायच्या आधीच गाऱ्हाणी सुरू झाली. देवीच्या तोंडचा शब्द माणसाने काढून घेतला, हा काही साधा अपराध नव्हता. भाई खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नववा नारळ स्पष्ट दिसत होता. गुरुदास मधोमध आले.

"देवीक इचारूच्या आदी तारीख कोणी धाडली?"

सत्यवान राऊळांनी एकतीस वर्षांत आपल्या हाताखालच्या पोस्टमनवर कधी ठपका येऊ दिला नव्हता. पत्र हरवलं तर ते स्वतः खुलासा लिहीत. हा त्यांचा अभिमान होता, आणि तो खरा होता. पण त्या क्षणी त्यांना फक्त नारळ दिसला.

"मी धाडूक नाय," ते म्हणाले. "निरोप्यान धाडल्यान."

निरोप्याला बोलावून विचारता येत नव्हतं. त्याला वाळीत टाकता येत नव्हतं. घाडी म्हणाले की पडद्यामागचं माणूस, त्याला आपल्या रीतीभाती कुठून कळणार. गुरुदासांनी बराच विचार करून निवाडा दिला की दोष निरोप्याचा, मास्तरांचा नाही. मान सध्या आहे तिथे राहील. सत्यवानरावांनी सुटकेचा श्वास घेतला आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी खाली मान घालून गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हटलं.

गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. २४ला डावा कौल, म्हणजे नकार. २५ला डावा. २६ला पाकळी बराच वेळ हललीच नाही, मग डावीकडून पडली. २७, मंगळवार, उजवा कौल. जान्हवीने त्या दुपारी फोनवर बसून चार कप्पे वेगळे करून दिले, आणि चौघा निरोप्यांनी दुरुस्तीचा निरोप एकाच वेळी, प्रत्येक घराला एकदाच, बिनचूक पोचवला. पण २७च्या आसपासचं तिकीट कुठे होतं? गाड्या भरल्या होत्या. हातातलं नक्की तिकीट टाकून प्रतीक्षा यादीचं घेणारा वेडा बोरभाटमध्ये जन्मायचा होता. शनिवार, रविवार, सव्वीस जानेवारीची सुटी, वर एक दिवस रजा टाकली की झालं.

म्हणून त्या वर्षी चाकरमानी शनिवारी पहाटे उतरले आणि मंगळवारपर्यंत करायला काही नसल्यामुळे घरीच राहिले. इतकी वर्षं बॅग न उघडता परत जाणारी माणसं अंगणात खाटा टाकून झोपली. कोणी कुंपण बांधलं, कोणी आईचं रेशनकार्ड शोधून दिलं, कोणी नुसतं माशाच्या कालवणावर ताव मारून सुस्तावलं. देवळाची कौलं परतून झाली, जत्रेच्या मांडवाला हात कमी पडले नाहीत, आणि दशावताराला पहिल्यांदाच मागच्या लोकांनी पुढच्यांना खाली बसा असं सांगितलं. मथुराकाकींच्या घरात तीन रात्री दिवा उशिरापर्यंत होता. त्या मंगळवारी देवळात भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होत्या.

"माजो झील तीन रात्री घरात रवलो. ज्याना कोणी धाडल्यान, त्येचां बरां होवंदे."

मानाचे नारळ सुरू झाले. परब, गावडे, सावंत, घाडी. गुरव. ढोलवाले. सातव्या-आठव्याचं भांडण झालं. सत्यवानरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते पुढे सरकले, हात पुढे केले. गुरुदासांनी नववा नारळ उचलला, कपाळाला लावला आणि मोठ्याने पुकारलं, "नववो नारळ निरोप्याचो."

सत्यवानरावांचे हात हवेतच राहिले.

"तुमीच सांगलास ना, तुमी धाडूक नाय म्हणान," गुरुदास अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "दोष त्येचो, तर मान पण त्येचो. तुमी फकत घरात न्हेवन द्या."

कामावरून काढताना नारळ देतात हे सत्यवानरावांना माहीत होतं. कामावर असलेल्या माणसाला नारळ दिलेला ते प्रथमच पाहत होते. शिवाय निवाडा बिनतोड होता, आणि तो त्यांच्याच वाक्यावर उभा होता. भाई खांबाजवळ पोट धरून हसत होता. त्यांनी दुसऱ्याचा नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि पार्सल पोचवायला निघावं तसे घरी निघाले.

यशोदाबाई सकाळपासून सोलकढीची तयारी करून बसल्या होत्या. नारळ पाहताच त्यांनी हात पुढे केला. "अवो, फोडू काय?"

"थांब," सत्यवानराव म्हणाले. "तो आपलो नाय."

ते नारळ घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. नारळ मोबाइलच्या शेजारी ठेवला. स्टेटस विचारलं. रनिंग. चार वेळा रनिंग. न दिसणारी चार माणसं, न थकता, न बोलता, न मागता पडद्यामागे उभी होती, आणि त्यांनी अख्ख्या गावाची पोरं तीन रात्री घरी आणून ठेवली होती. सत्यवानरावांना त्यांचा हेवा वाटला, आणि हेव्यापेक्षा जास्त, आपण केलेल्या गोष्टीची बोच वाटली. त्यांनी चारही सेवापुस्तकं ओढली, टोपण काढलं आणि प्रत्येकात सारख्याच अक्षरात लिहिलं: दिनांक २४च्या निरोपाची चूक सर्वस्वी माझी आहे. कर्मचाऱ्याचा दोष नाही. वर्तणूक उत्तम. खाली पूर्ण सही केली. हे कोणी वाचणार नव्हतं. तरी चौथी सही करून झाल्यावर त्यांनी चारही सह्या टिपकागदाने टिपल्या.

मग त्यांनी एका बोटाने, एकेकाचं नाव घेऊन, स्टॉप टंकलं. मग अनइन्स्टॉल. परब गेले, गावडे गेले, सावंत गेले, घाडी गेले. खात्री करायची म्हणून शेवटचं स्टेटस विचारलं. पडद्याने कळवलं की या नावाची सेवा अस्तित्वात नाही.

ते उठले, नारळ उचलला आणि माजघरात गेले. चौकशी अंगलट आलेल्या माणसाने खुलासा द्यायला उभं राहावं तसे क्षणभर उभे राहिले, मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"आडाळो काढ," ते यशोदाबाईंना म्हणाले. "खोबरां मी खवतंय. आणि उद्या कट्ट्याक जावन तीनशे बारा कार्डां हाडतंय. घरात निरोप्या आता मीच."